८५ हजार, १३ ठिकाणं आणि घरी सांगायचं ‘बेंगळुरूला ट्रेनिंग आहे’

(पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

वय २६, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, सध्या पुण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. भिशी आणि आरडी मिळून ८५ हजार साठलेत, महिन्याला अजून चारेक हजार बाजूला पडतात. दिवाळीच्या आगेमागे २४ दिवस एकटीनं व्हिएतनाम फिरायचंय, पाठीवर बॅग टाकून. यादी अशी: हनोई, सापा, हा जियांग, हा लाँग बे, निन्ह बिन्ह, फाँग न्या, ह्वे, दा नांग, होई आन, दा लात, सायगॉन (म्हणजेच हो ची मिन्ह सिटी), मेकाँग आणि शेवटी फू क्वॉक बेट. हॉस्टेलचे पैसे वाचावेत म्हणून ८ रात्री स्लीपर बसमध्ये. हा जियांगला स्वतः स्कूटर चालवणार. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. घरी सांगणार की ऑफिसचं बेंगळुरूला ट्रेनिंग आहे, कारण आई म्हणेल एवढ्यात अर्धा तोळा सोनं आलं असतं आणि बाबा तर बोलणारच नाहीत. मैत्रीण म्हणतेय त्यापेक्षा ७ दिवसांची ग्रुप टूर घे, ७५ हजारांत सगळं बसतंय, घरचेही हो म्हणतील. प्रश्न: “ताई, एवढ्या पैशात जमेल का, आणि घरी खोटं बोलले तर फार चुकीचं आहे का?”

अगं, जमेल. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट वाचशील. व्हिएतनाम हा हात राखून खर्च करणाऱ्यांसाठी खरंच चांगला देश आहे, एकट्या मुली तिथे भरपूर फिरतात, आणि तू यादी करून आकडे मांडून पत्र लिहिलंयस म्हणजे नुसती हौस नाहीये, तयारी आहे. पण तुझा प्लॅन जसा आहे तसा नको. त्यातल्या तीन-चार गोष्टी तू धरूनच चालली आहेस आणि मला त्याच पटलेल्या नाहीत, पैशांचा आकडा त्यात सगळ्यात शेवटी येतो.

पहिली म्हणजे दिवाळी. आपल्याकडे दिवाळी म्हटलं की पाऊस संपला, हवा छान, फिरायला जायचे दिवस, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तिथे वेगळं असेल असं वाटतच नाही. व्हिएतनाम उभा लांबलचक देश आहे, उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत साधारण १,६५० किलोमीटर, त्यामुळे एका वेळी सगळीकडे एकसारखी हवा नसतेच. आणि मधला पट्टा, म्हणजे तुझ्या यादीतलं ह्वे, दा नांग, होई आन, फाँग न्या, तिथला पाऊस ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा असतो, समुद्रावरून येतो आणि मागच्या डोंगररांगेला आपटून तिथेच कोसळतो. चेन्नईला आपल्या दिवाळीत पाऊस का असतो, तेच कारण. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्या भागातला सगळ्यात ओला काळ. २०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी ह्वे आणि होई आन दोन्ही पाण्यात होते, होई आनच्या ज्या गल्ल्यांत लोक कंदिलांचे फोटो काढायला जातात तिथे होड्या चालत होत्या. दरवर्षी एवढं होतं असं नाही, पण तुझ्या १३ पैकी ४ ठिकाणं नेमकी वाईट महिन्यात येतायत आणि टाइट बजेटवाल्याला पूर सगळ्यात महाग पडतो, कारण गाड्या रद्द होतात, हॉस्टेलात दोन दिवस जास्त काढावे लागतात, पुढची बुकिंगं बुडतात आणि मग घाईघाईत मिळेल ते विमान घ्यावं लागतं.

मग कधी? मार्च. मार्चमध्ये मधला भाग कोरडा असतो, दक्षिणेत गरम होतं पण पाऊस नसतो, उत्तरेत जरा ढगाळ आणि अधूनमधून भुरभुर, हनोईत स्वेटर लागेल अशी एखादी संध्याकाळ. सगळीकडे शंभर टक्के छान असा महिना मिळणारच नाही, पण मार्च त्यातल्या त्यात बरा. फक्त त्यांचं नवीन वर्ष, तेत, ते जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं, त्या आठवड्यात अजिबात जाऊ नको, सगळा देश गावी निघालेला असतो, गाड्या फुल्ल आणि दुकानं बंद, म्हणजे आपल्याकडे गणपतीत कोकणात जायचं आणि तिकीट आयत्या वेळी काढायचं तसला प्रकार. आणि दिवाळीतच जायचं असेल, रजा तेवढीच मिळत असेल, तर मधला पट्टा सरळ गाळ. उत्तर कर, हनोईहून विमानानं सायगॉनला ये, मेकाँग कर, परत. त्या काळात हा जियांगच्या पठारावर गुलाबी-जांभळी फुलं असतात, बकव्हीटची, म्हणजे आपल्या उपवासाच्या कुट्टूची, तो फायदाही आहे.

आता दुसरी गोष्ट, तेरा ठिकाणं. २४ दिवसांत १३ ठिकाणं म्हणजे १२ वेळा बॅग भरायची, स्टँडवर जायचं, गाडी शोधायची, पोचायचं, हॉस्टेल शोधायचं, आणि प्रत्येक वेळेला कमीत कमी अर्धा दिवस जातोच जातो, बऱ्याचदा पूर्ण जातो. म्हणजे सुट्टीतला मोठा भाग गाडीत. आणि पैशाच्या बाजूनं बघितलंस तर व्हिएतनाममध्ये राहणं स्वस्त, खाणं स्वस्त, महाग काय आहे तर हलणं. एका जागी जो माणूस पाच दिवस राहतो त्याला तिसऱ्या दिवशी कळतं की कोपऱ्यावरची बाई निम्म्या किमतीत तेच जेवण देते, सायकल हॉस्टेलची फुकट मिळते, समुद्रावर जायला टॅक्सी लागत नाही. तू जर दोन दिवसांत निघालीस तर प्रत्येक गावात तू पहिल्या दिवसाचेच भाव देत राहणार.

आणि त्या ८ रात्रीच्या बसेस. गणित दिसायला भारी आहे, प्रवासही झाला आणि झोपही झाली, हॉस्टेलचे सहाशे रुपये वाचले. प्रत्यक्षात काय होतं सांगते. स्लीपर बसमध्ये चढताना चपला-बूट काढायचे, एका पिशवीत घालून सोबत घ्यायचे, आत दोन मजली बर्थच्या तीन रांगा, मध्ये दोन चिंचोळ्या वाटा. पाठ जरा वर उचललेली असते, पूर्ण आडवं होता येत नाही, आणि पाय पुढच्याच्या डोक्याखाली असलेल्या खोक्यात सरकवायचे, त्यात बॅगही तिथेच कोंबायची. हॉर्न रात्रभर. आणि मग पहाटे चार-साडेचारला ड्रायव्हर गावाबाहेरच्या कुठल्यातरी ऑफिससमोर उतरवतो, हॉस्टेलचं चेक-इन दुपारी दोनला, तोवर तू डोळे चोळत कॅफेत बसणार, दोन कॉफ्या, नाश्ता, सामान ठेवायला ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखी तिथली गाडी), आणि तो दिवस झोपेत जाणार. वाचलेले सहाशे तिथेच संपतात. एखाद-दुसरी रात्र ठीक आहे, आठ नको. जिथे रात्रीचा प्रवास करायचाच आहे तिथे ट्रेन घे. हनोई ते सायगॉन एकच मोठी लाईन आहे, १,७२६ किलोमीटर, आणि तिच्या स्लीपरमध्ये खरंखुरं आडवं होता येतं. चार बर्थच्या डब्यात खालचा बर्थ घेतलास तर आपल्या एसी टू टियरची सवय असलेल्याला काही वेगळं वाटणार नाही.

मी यादी कापली तर अशी कापीन: हनोई, हा जियांग, निन्ह बिन्ह, ह्वे, होई आन, सायगॉन. सहा. १८-२० दिवस. फू क्वॉक का काढलं, तर बीचसाठी एवढा खर्च करून जायची आपल्याला काही नड नाही, गोवा आहे, कोकण आहे. हा लाँग बे काढलं कारण जी क्रूझ स्वस्त असते ती खरंच स्वस्तासारखीच असते आणि जी चांगली असते ती तुझ्या बजेटमध्ये नाही, आणि तसेच चुनखडीचे उभे डोंगर निन्ह बिन्हला जमिनीवर आहेत. तिथे त्रांग आनला नावेतून तीनेक तास गुहांमधून फिरवतात, चार जणांची नाव, एक बाई वल्हवते, माणशी अडीच लाख डोंगच्या आसपास (डोंग म्हणजे तिथलं चलन, रुपयांचा हिशोब पुढे सांगते). शेजारच्या ताम कोकला नाववाले पायानं वल्ही मारतात, मागे रेलून बसायचं, टाचेत वल्हं धरायचं आणि सायकल चालवल्यासारखे पाय फिरवायचे, हात मोकळे, मग त्याच हातांनी फोनवर बोलतात, डबा खातात. ते बघण्यात माझे डोंगर बघायचे राहून गेले होते. निन्ह बिन्ह त्याच रेल्वे लाईनवर आहे हे लक्षात ठेव, तिथूनच रात्रीच्या गाडीत बसायचं आणि सकाळी ह्वे, परत हनोईला यायची गरज नाही. हे न कळल्यामुळे कित्येक जण एक दिवस आणि एक बसभाडं फुकट घालवतात.

ह्वे ते दा नांग मात्र दिवसाच्या गाडीनं जा. शंभरेक किलोमीटर आहे, तिकीट किरकोळ, आणि मध्ये हाय वान घाटात गाडी समुद्राला चिकटून जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला. दा नांगला उतरून होई आन ३० किलोमीटर, होई आनला रेल्वे नाही. होई आनला चार-पाच रात्री राहा. तिथून ‘मी सोन’ नावाची जागा जवळ आहे, चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं, संस्कृत शिलालेख सापडलेत तिथे, आपल्या पुरातत्त्व विभागाचे लोक तिथे डागडुजीचं काम करत होते आणि २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं एकाच दगडातलं शिवलिंग मिळालं. ग्रुप टूरमध्ये हे असलं तर तासाभरात उरकतात. पहाटे जा, नऊनंतर उन्हानं आणि गर्दीनं दोन्हीनं हाल होतात.

आता हा जियांग. इथे मी जरा कडक बोलणार आहे. स्वतः स्कूटर चालवू नको. तुला चालवता येत नाही असं म्हणत नाहीये, तू रोज पुण्यात चालवतेस म्हणजे तुला कुठेही येईल. प्रश्न लायसनचा आहे. आपल्या आरटीओत जे आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं ते १९४९ च्या जिनिव्हा करारातलं, आणि व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं. भाड्यानं गाडी देणारा हे काही विचारणार नाही, तो चावी हातात देईल. पोलिसांनी अडवलं तर दंड होईल, तेही एक वेळ चालेल, पण घाटात पडलीस आणि हाड मोडलं तर इन्शुरन्स कंपनी पहिलं लायसन मागते, आणि ते वैध नसेल तर क्लेम नाकारते. मग हॉस्पिटलचं बिल घरचे भरणार, ज्यांना वाटतंय तू बेंगळुरूला आहेस.

त्याऐवजी तिथे स्थानिक ड्रायव्हरच्या मागे बसून तीन दिवस-दोन रात्रीची चक्कर मिळते, राहणं-खाणं धरून साधारण ४० ते ४५ लाख डोंग, म्हणजे १४-१५ हजार रुपये. हो, मोठा आकडा आहे, सगळ्या ट्रिपमधला विमानानंतरचा सगळ्यात मोठा. पण माझं मत विचारशील तर हाच खर्च कर आणि बाकीचे कापून टाक. मा पी लेंग घाटात रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो आणि खाली खोल दरीत हिरवी नदी दिसते, तिथे मागे बसून मान वळवून बघता येतं, स्वतः चालवत असतीस तर नजर फक्त समोरच्या ट्रकवर राहिली असती. अगदीच नाही जमलं तर हा जियांग गावातून डोंग वानपर्यंत लोकल बस जाते, वेळ जातो, हवं तिथे थांबता येत नाही, पण डोंगर तेच असतात. बुकिंग करताना एकच विचार, ड्रायव्हर चांगलं हेल्मेट देणार का आणि पाऊस लागला तर थांबणार का, आणि आधीच्या मुलींनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते नीट वाच.

आता पैसे. रील्समध्ये ‘५० हजारांत ३० दिवस’ असतं ना, त्यात विमान धरलेलं नसतं, किंवा ते लोक आधीच बँकॉकमध्ये असतात, किंवा हॉस्टेलनं व्हिडिओच्या बदल्यात फुकट ठेवलेलं असतं. तुझा हिशोब आपण मांडू. मुंबईहून जाताना हनोई आणि येताना सायगॉनहून, असं तिकीट साधारण २६ हजार धर, लवकर काढलंस तर कमी. उलटं हनोईला परत यायचं म्हणजे तेवढाच प्रवास दुसऱ्यांदा, ते करू नको. ई-व्हिसा सिंगल एंट्रीचे २५ डॉलर, म्हणजे सव्वादोन हजाराच्या आसपास. इन्शुरन्स दीड-दोन हजार. झाले ३० हजार. उरले ५५. त्यातले १२ हजार वेगळ्या कार्डवर टाक आणि विसरून जा, ते ट्रिपचे नाहीतच, ते आजारपण किंवा अचानक तिकीट काढावं लागलं तर. राहिले ४३. मधली ट्रेन, बसेस, एक विमान मिळून १० हजार जातील. हाती ३३.

रोजचं साधं बजेट असं पडतं: डॉर्ममध्ये बेड ५०० ते ८००, तीन वेळचं खाणं ५००-६००, पाणी-कॉफी दीडशे, इकडेतिकडे जाणं दीडशे, आणि कुठली ना कुठली तिकिटं. १,८०० धरून चाल. १८ दिवसांचे ३२ हजार. म्हणजे आज जे ८५ आहेत त्यात हा जियांगचे १५ हजार बसतच नाहीत! बसवायचे तर रोजचे हजार-बाराशे उरतात, आणि हजारात राहता येतं, पण मग तू सतत फोनवर कॅल्क्युलेटर उघडून बसणार, साठ रुपयांच्या शहाळ्यासाठी दोन मिनिटं विचार करणार, आणि पाऊस आला तरी ग्रॅब करणार नाहीस. मार्चपर्यंत थांबलीस तर महिन्याचे चार हजार धरून अजून २० हजार येतात आणि हा सगळा प्रश्न मिटतो. हवामानासाठी मार्च म्हणत होते, पैशासाठीही तोच निघतोय. शिवाय तुमच्याकडे मार्चअखेर रजा बुडत असतील तर त्याही लागतील, बघ.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस ती विचारते. हे ८५ हजार ट्रिपचे आहेत की तुझी सगळी शिल्लकच एवढी आहे? म्हणजे परत आल्यावर खात्यात शून्य आणि पुढच्या महिन्यात रूमचं डिपॉझिट वाढलं किंवा घरी कुणी आजारी पडलं तर? तसं असेल तर थांबण्याचं हे तिसरं कारण. ट्रिप करून आलेल्या माणसाच्या खात्यात दोन महिन्यांचा खर्च तरी असावा. नसेल तर १२ दिवसांची कर, फक्त उत्तर. त्यात काही कमीपणा नाही, आणि १२ दिवसांत तीन ठिकाणं ही २४ दिवसांतल्या तेरापेक्षा जास्त होतात असं मला वाटतं.

डोंगचे आकडे बघून सुरुवातीला गरगरायला होतं, तर सोपं करून ठेव: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि राहिलेल्याला साडेतीननं गुणायचं. ४० हजार डोंगची वाटी म्हणजे ४० गुणिले साडेतीन, १४० रुपये. भाव वरखाली होतो, जायच्या आधी एकदा बघून घे, पण रस्त्यावर एवढं पुरतं. आणि २० हजारांची नोट निळी असते आणि ५ लाखांचीही निळी असते, संध्याकाळच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. २० हजार म्हणजे सत्तर रुपये आणि ५ लाख म्हणजे साडेसतराशे. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेव, बाकीच्यांत मिसळूच नको. आपलं यूपीआय तिथे चालेल असं धरून जाऊ नको. फॉरेक्स कार्ड एक आणि दुसरं साधं डेबिट कार्ड, दोन्ही वेगवेगळ्या बॅगांत. एटीएम दर वेळी फी कापतं, म्हणून थोडे थोडे न काढता एकदम काढ.

खाण्याचं. अंडंही नाही म्हणजे जरा लक्ष द्यावं लागेल पण उपाशी नाही राहणार. दुकानावर सी-एच-ए-वाय अशी चार अक्षरं दिसली की ते शाकाहारी, बुद्ध धर्माच्या हिशोबानं. ‘कोम चाय’ म्हणजे भात आणि वर चार-पाच भाज्या, टोफू, ताटभर, ३० ते ५० हजार डोंग, आपल्या खानावळीसारखं. अमावस्या-पौर्णिमेला तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशी दुकानं जास्त आणि ताजं मिळतं, कॅलेंडर तुझ्याकडे आहेच. साध्या हॉटेलात ‘भाजीच आहे’ म्हणून देतील त्यात माशाचा सॉस असतो, लसूण घालून परतलेल्या पालेभाजीतही असतो, आणि फो सूपचं पाणी हाडांचं असतं जरी वर फक्त टोफू टाकला तरी. त्यांना ते मांस वाटतच नाही, फसवत नाहीत. फोनमध्ये ‘मांस, मासे, माशाचा सॉस, अंडं काही नको’ हे त्यांच्या भाषेत लिहून स्क्रीनशॉट ठेव, आणि शक्यतो चाय दुकानातच जा. सोबत मेतकूट घेऊन जा, हसू नको, भात कुठेही मिळतो. डास आणि डेंग्यूबद्दल तुला मी काय सांगणार, रोज प्लेटलेट मोजतेस, क्रीम विसरू नको एवढंच.

सुरक्षिततेचं थोडक्यात: मुलींचा वेगळा डॉर्म घे, शंभर रुपये जास्त असले तरी. सायगॉनमध्ये रस्त्याच्या कडेला उभं राहून मॅप बघू नको, बाईकवरून येऊन फोन हिसकतात, दुकानात शिरून बघ. हॉस्टेलवाले नोंदणीसाठी पासपोर्ट मागतात, ते नेहमीचंच आहे, नोंद झाली की परत माग.

आता ग्रुप टूर. मी तिला नावं ठेवणार नाही, माझ्या ओळखीतल्या कित्येक काकू-मावशा पहिल्यांदा परदेशात गेल्या त्या अशाच टूरनं, रोज वरण-भात मिळाला म्हणून गेल्या, आणि खूश होऊन आल्या. पण तुझं पत्र वाचून मला तू सात दिवस बसच्या खिडकीत बसून ‘चला चला, दहा मिनिटं फोटो’ असं ऐकणारी वाटत नाहीस. आणि तू ते फक्त घरचे हो म्हणतील म्हणून घेणार असशील तर ७५ हजार ही त्या होकाराची किंमत झाली. मधला रस्ता आहे: एखादी मैत्रीण पहिल्या दहा दिवसांसाठी येते का बघ. दोघींत होमस्टेची खोली घेतली तर डॉर्मएवढेच पैसे पडतात, दार लावून झोपता येतं, घरच्यांना एक दुसरं नाव मिळतं, आणि उरलेले दिवस तू एकटी. तुझ्या त्या टूर सुचवणाऱ्या मैत्रिणीलाच विचार, कदाचित तिलाही एकटीनं जायची भीती वाटत असेल म्हणून टूर म्हणतेय.

आणि आता खोटं बोलण्याचं. चूक की बरोबर ते बाजूला ठेवू, मी काही तुझ्या आईची बाजू घ्यायला बसलेली नाही. व्यवहार बघ. इन्शुरन्सच्या फॉर्मवर तातडीच्या संपर्कासाठी नाव लागतं, तिथे कुणाचं घालणार? पासपोर्ट हरवला तर हनोईच्या भारतीय दूतावासात किंवा सायगॉनच्या वाणिज्य दूतावासात जावं लागतं, दोन-तीन दिवस जातात, कधी घरून एखादा कागद मागवावा लागतो. रोज रात्री आईचा व्हिडिओ कॉल येईल तेव्हा मागे बेंगळुरू दाखवणार कुठून? २० दिवस ही गोष्ट सांभाळायची म्हणजे ट्रिपभर डोक्यात एक कोपरा त्यातच अडकलेला. आणि आपल्या गावात हे किती दिवस लपतं तुला माहितीये, कुणाच्या तरी भावाचा मित्र फोटो बघतो आणि दोन दिवसांत पारावर पोचतं.

तू असं धरलंयस की सांगायचं म्हणजे परवानगी मागायची. तसं नाही गं. तू २६ वर्षांची आहेस, पैसे तुझे आहेत. आईला एकटीला आधी सांग, बाबांसमोर एकदम नको. ‘जाऊ का’ असं नको विचारूस, ‘मार्चमध्ये जायचं ठरवलंय, हे तिकीट किती, हे राहायचे पत्ते, हा इन्शुरन्स’ असं कागद समोर ठेवून सांग. सोन्याचं म्हणेल तेव्हा वाद घालू नको, ऐकून घे, अर्धा तोळा येतो हे खरंच आहे. बाबा बोलणार नाहीत म्हणतेस, चार दिवस नाही बोलणार, कदाचित पंधरा. मार्चला वेळ आहे, म्हणून आत्ताच सांग. निघायच्या आदल्या आठवड्यात सांगितलंस तर तो अबोला तुझ्याबरोबर विमानात येईल. रोज एक ठरलेल्या वेळी मेसेज करायचा असं त्यांना सांग, आणि व्हिएतनामची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतात, म्हणजे तू तिथे रात्री साडेदहाला झोपायच्या आधी केलास की घरी नऊ वाजलेले असतील, जेवणं झालेली. एखादा दिवस नेटवर्क नाही, हा जियांगला डोंगरात नसतं, ते आधी सांगून ठेव नाहीतर त्याच दिवशी ते पोलिसात जातील.

आणि मी हे सगळ्यांसाठी म्हणत नाहीये. काही घरं अशी असतात की तिथे खरं सांगितलं तर पासपोर्ट काढून घेतात, नोकरी सोडायला लावतात. पत्र वाचणाऱ्यांत अशा कुणी असतील तर त्यांनी घरी सांगावंच असं माझं म्हणणं नाही, पण बहीण, मैत्रीण, ऑफिसमधली एक व्यक्ती, कुणातरी एकाला तिकीट, पत्ते आणि पासपोर्टची कॉपी देऊन जा. तुझ्या पत्रातलं घर मला तसं वाटलं नाही. रुसणारं वाटलं.

तर क्रम असा ठेव. आधी रजेचा अर्ज आणि त्यावर लेखी होकार. मग घरी. मग तिकीट. बॅग ७ किलोत बसव, स्वस्त विमानांत तेवढीच फुकट असते आणि पाठीलाही तेवढीच झेपते. ई-व्हिसा निघायच्या तीन-चार आठवडे आधी, त्यांच्या सरकारी साईटवरूनच, शोधताना वर वर ज्या साईट येतात त्यातल्या बऱ्याच एजंटांच्या असतात आणि २५ डॉलरचे साठ-सत्तर घेतात. फॉर्मवर कुठल्या विमानतळावर उतरणार ते विचारतात, हनोई टाक. व्हिसा हातात आला की नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर एकेक अक्षर लावून बघ, आडनावाचा रकाना पासपोर्टवर जसा आहे तसाच हवा, कारण यातली चूक मुंबईच्या काउंटरवर पकडतात आणि मग तिथून पुढे सोडत नाहीत.